दवाखान्यातली सफाई: काम ठेकेदाराचं, पण जबाबदारी कुणाची?

बेळगावचं सिव्हिल असो, बांबोळीचं गोमेकॉ, इंदूरचं एमवाय, ग्वाल्हेरचं जयारोग्य, बडोद्याचं सयाजी रुग्णालय किंवा हैदराबादचं उस्मानिया, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी अशा मोठ्या दवाखान्यात राहून आलेलं असतं. डॉक्टर राउंडला येऊन जातात, सिस्टर पाळीपाळीनं बदलतात. पण खाटेखाली सांडलेलं पुसायला, बेडपॅन उचलायला, रक्ताळलेला कापूस गोळा करायला दिवसभर ज्यांना हाक मारली जाते त्या ‘मावशी’ आणि ‘मामा’ यांचं खरं नाव शेवटपर्यंत कळत नाही. त्यांचा पगार कोण देतं, सुई टोचली तर त्यांनी कुणाकडं जायचं, हे तर बहुतेकदा त्यांनाही नीट माहीत नसतं.

म्हणून हा माहितीपर लेख. दवाखान्यात सफाई करणाऱ्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि ज्यांच्या माणसाची खाट ते स्वच्छ ठेवतात त्या सगळ्यांसाठी.

कोण असतात ही माणसं?

सरकारी दवाखान्यात पूर्वी सफाईची पदं कायम असायची. महाराष्ट्रात त्यांना चतुर्थ श्रेणी कर्मचारी म्हणतात, कर्नाटकात ‘ग्रुप डी’. जुनी माणसं निवृत्त होत गेली तशी बऱ्याच ठिकाणी त्या जागांवर कायम भरती न होता ठेक्याची माणसं आली. खाजगी दवाखान्यांत तर हे काम ‘हाउसकीपिंग’ या नावानं एजन्सीकडंच दिलेलं दिसतं. त्यामुळं एकाच वॉर्डात एक कायम कामगार आणि चार ठेक्याचे, काम तेच आणि पगार वेगळा, असं चित्र नेहमीचं आहे.

काम तीन पाळ्यांत चालतं. कागदावर आठ तासांची पाळी. प्रत्यक्षात पुढच्या पाळीचं माणूस आलं नाही की ‘डबल ड्यूटी’ ठरलेली. वॉर्डातली सिस्टर एक काम सांगते, ठेकेदाराचा सुपरवायझर दुसरं आणि रुग्णाचे नातेवाईक तिसरं. फरशी, संडास-बाथरूम, खाटा, खिडक्या, कचरा, कधी मयत उचलायला हात देणं आणि वॉर्डबॉय नसेल तर स्ट्रेचर ढकलणं. यातलं नेमकं आपलं काम कोणतं, हे लिहून दिलेला कागद फारच थोड्यांच्या हातात असतो.

झाडू-पोछा म्हणजे घरचं काम नव्हे

घरची फरशी आणि वॉर्डची फरशी यात फरक आहे. घरी धूळ काढायची असते. वॉर्डात जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडं जाऊ द्यायचे नसतात. म्हणून या कामाला ठरलेली पद्धत आहे.

वॉर्डात, ऑपरेशन थिएटरात, अतिदक्षता विभागात कोरडा झाडू मारायचा नसतो. झाडूनं धूळ उडते आणि तिच्यासोबत जंतूही. तिथं ओला मॉपच वापरायचा. तीन बादल्यांची पद्धत अशी: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं पाणी, तिसरीत जंतुनाशक. आधी साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मॉप साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, फरशी वाळल्यावर जंतुनाशकानं पुन्हा पुसायचं. पाणी गढूळ झालं की बदलायचं. पुसत जायचं ते स्वच्छ भागाकडून घाण भागाकडं आणि आतून दाराकडं. संडासचा मॉप वॉर्डात आणायचा नाही.

रक्त सांडलं तर आधी हातमोजे. मग रक्तावर कापड किंवा शोषणारा कागद, त्यावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी ओतून किमान दहा मिनिटं थांबायचं आणि मगच उचलायचं. हे द्रावण रोज ताजं बनवावं लागतं, कारण ठेवलं की त्याचा जोर उतरतो.

एक इशारा सगळ्यांनीच लक्षात ठेवावा, घरीसुद्धा. हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर कधीही ॲसिडबरोबर मिसळायची नाही. संडास लवकर निघावा म्हणून दोन्ही एकदम ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर मिसळलं तरी विषारी वायू तयार होतो.

सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेला गुण देणारी ‘कायाकल्प’ योजना केंद्रानं २०१५ मध्ये सुरू केली. स्वच्छता आणि जंतुसंसर्ग रोखण्याचं काम तपासून दवाखान्यांना बक्षिसं दिली जातात. ते गुण मिळतात कुणाच्या हातानं, हे वेगळं सांगायला नको.

चार रंग, चार पिशव्या

दवाखान्यातल्या कचऱ्यासाठी देशभर एकच नियम आहे: जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६. त्याआधीचे नियम १९९८ चे होते. रंग सगळ्या राज्यांत सारखेच, म्हणून निपाणीत शिकलेलं मिरजेतही चालतं.

पिवळी पिशवी: शरीराचे भाग, रक्ता-पुवानं भिजलेला कापूस आणि ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं. हा कचरा मुख्यतः जाळण्यासाठी जातो.

लाल पिशवी: वापरलेलं प्लास्टिक. सलाइनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, कॅथेटर, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे. यावर प्रक्रिया करून प्लास्टिक पुन्हा वापरात येतं.

पांढरा, न फुटणारा डबा: सुया, ब्लेड, टोकदार धातूच्या वस्तू.

निळा डबा: काचेच्या बाटल्या, इंजेक्शनच्या फुटलेल्या कुप्या, शरीरातून काढलेले धातूचे रॉड-प्लेट.

जेवणाचा कचरा, कागद, फुलं हे यात येत नाही. तो साधा कचरा. पिशवी तीन चतुर्थांश भरली की बांधायची, दाबून भरायची नाही. पिशवीला बारकोड लागतो. पिवळ्या पिशवीतला रक्तामांसाचा कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही.

आता खरी अडचण. कचरा वेगळा करायचा असतो तो जिथं निर्माण होतो तिथंच. म्हणजे सुई पांढऱ्या डब्यात टाकायचं काम ती वापरणाऱ्या डॉक्टर-सिस्टरचं. ते घाईत राहून जातं, सुई पिवळ्या पिशवीत पडते आणि ती पिशवी उचलताना टोचते मावशीच्या मांडीला. चूक एकाची, जखम दुसऱ्याची.

सुई टोचली तर

हा भाग कापून कपाटाला चिकटवून ठेवावा असा आहे.

लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. जखम दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, डेटॉल-स्पिरिट चोळू नका. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्यानं भरपूर धुवा.

मग तिथल्या सिस्टरला आणि तातडीच्या विभागातल्या डॉक्टरला सांगा. ‘पाळी संपल्यावर बघू’ असं करू नका. एचआयव्ही टाळण्याची औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम. बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. गरज असेल तर ती अठ्ठावीस दिवस घ्यायची असतात.

घाबरून जायचंही कारण नाही. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात साधारण तीन. हिपॅटायटिस बी मात्र जास्त धोक्याचा. लस घेतली नसेल तर शंभरात सहा ते तीस जणांना होऊ शकतो. आणि याच आजाराला चांगली लस आहे: तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. हिपॅटायटिस सी ला लस नाही, पण आता तो गोळ्यांनी बरा होतो.

२०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे: कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी, प्रशिक्षण आणि हातमोजे-मास्क-गमबूट अशी साधनं द्यायलाच हवीत. अपघात झाला तर त्याची नोंद ठेवायला हवी. ही जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्याची आहे. नियम कायम आणि ठेक्याचा असा भेद करत नाही. म्हणून ‘तू एजन्सीची, लस तिथं माग’ हे उत्तर चुकीचं आहे.

टोचल्याची नोंद मात्र आग्रहानं करून घ्या, तारीख-वेळेसह, आणि तिचा मोबाईलवर फोटो ठेवा. पुढं भरपाईचा प्रश्न आला तर हाच पुरावा.

कायद्याला हे काम कसं दिसतं?

इथं एक विचित्र गोष्ट आहे.

कोरोनाच्या काळात केंद्रानं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचं विमाकवच जाहीर केलं. त्यात सफाई कामगार होते, ठेक्यावरचे कर्मचारीही होते. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झालं तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस एका सफाई कामगारालाच दिली गेली. म्हणजे साथ आली तेव्हा ही माणसं आरोग्य सेवेचा भाग होती.

पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतल्या कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेत वेगळंच आहे. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी ठेक्याची माणसं लावायला ती मनाई करते. मात्र झाडणं, पुसणं, कचरा गोळा करणं अशी स्वच्छतेची कामं सहसा ‘मुख्य काम’ धरली जात नाहीत, असंही तीच सांगते. ऑफिसात हे पटेल. दवाखान्यात जंतुसंसर्ग रोखणं हे मुख्य काम नाही तर काय? ऑपरेशन थिएटर पुसलं नाही तर सर्जन चाकू हातात घेणार नाही. तरीही कायद्याच्या भाषेत ते जोडकाम, आणि म्हणून ठेक्यानं द्यायला मोकळं.

पण ठेका दिला म्हणून दवाखान्याचे हात मोकळे होत नाहीत. हीच गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ज्याच्या जागेत काम चालतं तो ‘मुख्य नियोक्ता’, म्हणजे खरा मालक. ठेकेदारानं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. त्यानं तो भरायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. पीएफ आणि ईएसआयच्या भरण्याचंही तसंच. जुन्या कायद्यांत हे होतं, नव्या संहितांतही आहे. ठेकेदार बदलला, पळाला, फोन बंद केला तरी दवाखाना जागेवरच असतो.

पगाराचा हिशेब

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हायला हवा. आठ तासांवरच्या कामाला दुप्पट दर. डबल ड्यूटीचे पैसे साध्या दरानं मिळत असतील तर ते कमी आहेत. नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

कपात किती व्हावी? हिशेबासाठी पगार १२,००० रुपये धरू. पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये. ईएसआय पाऊण टक्का म्हणजे ९० रुपये. दोन्ही मिळून १,५३०. मालकानं स्वतःच्या खिशातून आणखी १,४४० पीएफचे आणि सव्वातीन टक्क्यांनी ३९० ईएसआयचे घालायचे. मालकाचा हिस्साही कामगाराच्या पगारातून कापला जात असेल तर ते बेकायदेशीर आहे. पगार पावती मागा आणि हे आकडे ताडून बघा.

कपात होते पण भरणा होतो का, हे बघायला यूएएन नंबर हवा. तो चालू असेल तर उमंग ॲपवर महिन्याचा भरणा दिसतो. घरातल्या शिकणाऱ्या पोराला दहा मिनिटं बसवलं तरी काम होतं.

ईएसआय मासिक २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू आहे. त्यात कुटुंबाला उपचार मिळतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, बाळंतपणात २६ आठवडे रजेचा पगार आणि कामावर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. आजारपण आणि बाळंतपणाच्या लाभाला ठरावीक दिवसांचा भरणा लागतो. दुखापतीला ती अट नाही, पहिल्या दिवशी सुई टोचली तरी हक्क आहे. कामातून झालेला संसर्गही ईएसआयच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत येतो. दवाखान्यात काम करणारी बाई स्वतःच्या आजारपणात पैशांअभावी घरी पडून राहते, याचं एक कारण ईएसआयचं कार्ड हातातच न देणं हे आहे.

सीमेपलीकडं काम करणाऱ्यांसाठी

चंदगडचं माणूस बेळगावात, कागवाडचं मिरजेत, दोडामार्गचं गोव्यात कामाला गेलं तर नियम कुठले? जिथं काम तिथले. राहणं महाराष्ट्रात असलं तरी बेळगावच्या दवाखान्यात कर्नाटकाचा किमान वेतनाचा दर लागतो, मिरजेत महाराष्ट्राचा. दर राज्यागणिक वेगळे असतात आणि महागाई भत्त्यानुसार बदलत राहतात, म्हणून दरवर्षी चौकशी करावी.

पीएफचा यूएएन आणि ईएसआयचा विमा क्रमांक मात्र देशभर एकच चालतो. ठेकेदार बदलला किंवा राज्य बदललं तरी नवा काढू देऊ नका, जुनाच सांगा. नाहीतर पैसे दोन-तीन खात्यांत अडकून पडतात. आपल्याकडची खास अडचण नावाची. आधारवर ‘लक्ष्मीबाई’, पीएफला ‘लक्ष्मी’, आडनाव कुठं पुढं तर कुठं गायब. आधार, बँक आणि पीएफ तिन्हीकडं नाव एकसारखं नसेल तर पैसे काढताना फॉर्म परत येतो. नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्यावं.

कन्नड किंवा दुसऱ्या भाषेतल्या, वाचता न येणाऱ्या कागदावर सही-अंगठा करू नये. ‘वाचून दाखवा की, मग सही करते’ एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

आणखी एक गैरसमज. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते असं कोल्हापूर-सांगलीकडून ऐकायला येतं. ते महाराष्ट्रापुरतं आहे. सीमेच्या या बाजूला त्या नावावर कुणी पैसे मागत असेल तर सावध राहा.

जात, बाई आणि मान

हे काम करणारी बहुसंख्य माणसं दलित समाजातली आहेत, आणि ते योगायोगानं घडलेलं नाही. गटारं आणि मैला ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या ढकलला त्यांच्याच घरातली पोरं आज युनिफॉर्म घालून हाउसकीपिंगमध्ये दिसतात. नाव इंग्रजी झालं तरी कप वेगळा ठेवणं, लिफ्टमधून उतरायला लावणं थांबलेलं नाही.

ड्रेनेज तुंबलं की ‘जरा बघ रे’ म्हणून सफाई कामगाराला टाकीत उतरवणं हा तर २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा कामात मृत्यू झाला तर कुटुंबाला किमान ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. टाकीत उतरायला नकार देणं हा हक्क आहे.

बायकांसाठी रात्रपाळी त्यांच्या संमतीनंच लावता येते, आणि सुरक्षिततेची सोय करावी लागते. लैंगिक छळाची तक्रार दवाखान्याच्या अंतर्गत समितीकडं तीन महिन्यांच्या आत करता येते. तिथंही ठेक्याची बाई आणि कायमची बाई असा फरक नाही. त्रास देणारा ठेकेदार किंवा मालक स्वतःच असेल, किंवा समितीच नसेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

तक्रार कुठं करायची?

पगार, जादा तास, नेमणूकपत्र: कामगार खात्याचं जिल्हा कार्यालय. पीएफ आणि ईएसआय: त्यांची प्रादेशिक कार्यालयं. लस, हातमोजे, कचऱ्याची बेशिस्त: आधी दवाखान्याचे अधीक्षक, मग राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारण २०१६ चे नियम पाळले जातात का ते बघणं त्यांचं काम आहे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि अर्जात ठेकेदाराबरोबर दवाखान्याचंही नाव घालावं. एकट्यानं दिलेल्या अर्जापेक्षा पाळीतल्या सगळ्यांनी मिळून दिलेला अर्ज टिकतो. एकट्याला उद्यापासून ‘येऊ नको’ म्हणणं सोपं असतं.

पेशंटबरोबर राहणाऱ्यांनाही थोडं करण्यासारखं आहे. घरून आणलेली इन्सुलिनची सुई किंवा वापरलेलं ब्लेड जेवणाच्या कचऱ्यात टाकू नका, सिस्टरला विचारून पांढऱ्या डब्यात टाका. फरशी ओली असताना दोन मिनिटं थांबा. आणि घरी जायच्या दिवशी मावशीच्या हातात पन्नासची नोट ठेवायची असेल तर ठेवा. पण त्याआधी एकदा विचारा, ‘मावशी, तुम्हाला कावीळची लस दिली का हो इथं?’ उत्तर ‘नाही’ आलं तर दवाखान्याच्या अभिप्राय वहीत ते लिहून या.